चौकातला पुकारा

माझा नवरा विल्फ्रिदो काऊइच बोटी रंगवायचा. पण काम्पेचेत त्याला रंगारी म्हणून कुणी ओळखत नाही. सगळे त्याला मास्तर म्हणतात, ते लोटेरियामुळे. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी कॅथेड्रलसमोरच्या चौकात टेबलं लागतात, माणसं पुठ्ठ्याची चित्रं-चित्रांची पानं घेऊन बसतात, आणि पुकारणारा पिशवीत हात घालून लाकडी गोळी काढतो. गोळीवर आकडा, आकड्याला चित्र. ज्याच्या पानावर ते चित्र असेल त्यानं त्यावर मक्याचा दाणा ठेवायचा. ओळ भरली की ओरडायचं, "लोटेरिया!" आमच्याकडे अशी नव्वद चित्रं आहेत आणि विल्फ्रिदोकडे नव्वदही चित्रांना स्वतः जुळवलेलं एकेक गाणं होतं. तो नुसतं नाव कधीच घ्यायचा नाही. टेबलावर बोटाच्या पेरानं ठेका धरायचा, फेरीवाल्यासारखा सूर लावायचा, दोन ओळी म्हणायचा आणि मग शेवटी नाव. त्या दोन ओळी ऐकायला खेळ न येणारी माणसंसुद्धा कडेला उभी राहायची.

यंदा ईस्टरआधीच्या उपासाच्या महिन्यात एका सकाळी त्याच्या हातातला कप खाली पडला. मी मागे वळून पाहिलं तर त्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं. इस्पितळातून तो जिवंत परत आला, काठी टेकत चालूही लागला, उजवा हात मात्र लुळा राहिला आणि बोलणं गेलं. सगळं कळायचं त्याला. वर्तमानपत्रातल्या फोटोवर बोट ठेवून हसायचा. पण तोंडातून एकच शब्द निघायचा, "बरं."

भूक लागली, बरं. पंखा लाव, बरं. शेजारणीचं कुत्रं अंगणात शिरलं, "बरं! बरं! बरं!" माझ्या बहिणीनं एकदा विचारलं, "भावजी, मी जाड झालेय का हो?" तेव्हाही तो इतक्या सभ्यपणे "बरं" म्हणाला की ती महिनाभर आमच्याकडे फिरकली नाही.

दिवसा असं हसायला यायचं. पण तो घराबाहेर पडेना. आमचं घर सान रोमान वस्तीत, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. तिथवरही येईना. बोलण्याचा सराव करून घ्यायला एक मुलगी यायची. ती मांजराचं चित्र दाखवायची, म्हणायची, "म्हणा, मांजर." तो घाम येईस्तोवर झटायचा, मानेच्या शिरा ताणायचा, आणि "बरं" म्हणून चित्र भिरकावून द्यायचा. ज्या माणसानं सगळ्या गावाला चित्रांची नावं सांगितली त्याला मांजर म्हणता येऊ नये! पुढे पुढे ती आली की तो झोपल्याचं सोंग करायला लागला. मीही तिला दारातूनच परत पाठवायची.

सोळा सप्टेंबरला, स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीला, त्याची थोरली बहीण देल्मिरा आमच्याकडे जेवायला आली. देल्मिराची पंचाहत्तरी उलटली आहे. नवरे दोन झाले, दोघेही तिच्या जिभेला घाबरून लवकर गेले असं ती स्वतःच सांगते. मी पान दे कासोन केलं होतं, शार्कच्या मांसाचे थर लावलेल्या पोळ्या, वर टोमॅटोचा रस्सा. तिनं दोनदा वाढून घेतलं, ताट सरकवलं आणि म्हणाली, "चला. फिरायला."

"बरं," विल्फ्रिदो म्हणाला. म्हणजे, तुम्ही जा.

"बरं म्हणालास ना? मग ऊठ. एनेइदा, ऐकलंस ना तू? हो म्हणाला तो."

"बरं!" तो ओरडला.

"दोनदा म्हणाला. आता तर यायलाच हवं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याची टोपी खुंटीवरून काढून पुढे केली. ती त्यानं डोळ्यांपर्यंत ओढली आणि निघाला, गुन्हेगाराला पोलीस नेतात तसा आम्हा दोघींच्या मधून.

ऊन कलायला लागलं होतं. सकाळची संचलनं आटोपलेली, बँडवाली पोरं समुद्राकाठच्या रस्त्यावर सदऱ्याची बटणं उघडी टाकून बर्फाचा गोळा चोखत बसलेली. घराघरांवर हिरवे-पांढरे-लाल झेंडे. कठड्यावर पाणकोळी रांगेत बसले होते, जसा काही त्यांना संचलन बघायला यायला उशीर झाला. मी मुद्दामच सावकाश चालत होते. बऱ्याच महिन्यांनी त्याच्या तोंडावर समुद्राचं वारं लागत होतं. त्यानं एकदा टोपी थोडी वर केली, नाक पुढे करून वास घेतला, आणि मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या पावाच्या दुकानाची मालकीण समोर आली, बरोबर तिच्या सुना.

"अगं बाई, मास्तर!" ती बहिऱ्याशी बोलावं तशी किंचाळली. "कसे! आहात! तुम्ही!" आणि उत्तराची वाटही न बघता माझ्याकडे वळली. "जेवतो का गं नीट? झोप लागते का त्याला? औषधं घेतो का?"

विल्फ्रिदोची मान खाली गेली. मी काहीतरी उत्तर देणार तोच देल्मिरा म्हणाली, "कान शाबूत आहेत त्याचे. तू अशीच ओरडत राहिलीस तर आमचे जातील."

सुना हसल्या. बाई पुढे गेली. पण झालं ते झालं. विल्फ्रिदोनं काठी घराच्या दिशेनं वळवली. आम्ही दोघींनी समजूत घातली, तो हलेना. शेवटी देल्मिरा कठड्यावर बसकण मारून म्हणाली, "जा तू. मला दम लागलाय. इथंच मेले तर माझं मढं उचलायला ये." तिला दम-बिम काही लागला नव्हता. पण तो थांबला. बराच वेळ तसाच उभा होता, पाण्याकडे बघत. भरती येत होती, छोट्या होड्या हलत होत्या. त्यातल्या कितीतरी त्यानंच रंगवलेल्या. एका होडीचा निळा रंग उडून खालचं लाकूड दिसत होतं. तिच्याकडे काठी रोखून तो रागानं म्हणाला, "बरं!"

"मग सांग जाऊन त्याला," देल्मिरा म्हणाली, "चौकातच बसला असेल, ज्याची असेल तो."

त्याला हसू आलं. आणि आम्ही पुढे निघालो.

समुद्राच्या वेशीतून आम्ही तटाच्या आत शिरलो. वेशीखाली गारवा असतो. तिथं तो भिंतीला हात लावून जरा टेकला. बाहेरगावचं एक जोडपं तोफेवर लेकरू बसवून फोटो काढत होतं. त्यांनी विल्फ्रिदोला विचारलं, "काका, चाचे इथूनच आले होते का हो?" पण देल्मिरा लगेच पुढे झाली. "आले होते, आणि आमच्या खापरपणजीनं त्यांना स्वयंपाकाला जुंपलं. त्यांचीच पोरं आम्ही." जोडप्यानं हे लिहून घ्यावं की नाही असा चेहरा केला.

चौकात पोचलो तेव्हा दिवे लागायला सुरुवात झाली होती. कॅथेड्रलच्या दोन्ही मनोऱ्यांवर अजून ऊन होतं. मार्केसिताच्या गाडीवर कुरकुरीत गुंडाळ्यांचा आणि भाजलेल्या चीजचा वास. सुट्टी म्हणून लोटेरिया त्या दिवशीही होता. मला ते ठाऊक होतं आणि देल्मिरालाही. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

पुकारायला एवेलिओ बसला होता. एवेलिओ म्हणजे सोन्यासारखा माणूस. पूर्वी पानं वाटायचा, दाणे गोळा करायचा, विल्फ्रिदोला पाणी आणून द्यायचा. कुणी नाही म्हणून त्याच्या गळ्यात हे काम पडलं होतं. पण आवाज असा की स्टेशनवर गाडी रद्द झाल्याचं सांगतोय. "एकोणीस. घंटा." मग शांतता. "बहात्तर. टोपली." मग शांतता. निम्मी टेबलं रिकामी होती. कोपऱ्यातून एक गाडीवान ओरडला, "एवेलिओ, खेळ आहे का मयतांची नावं वाचतोयस?"

"मला येतं तसं म्हणतो," एवेलिओ कळवळून म्हणाला. त्याचं लक्ष आमच्याकडे गेलं आणि तो उठून उभाच राहिला. "मास्तर!"

टेबलांवरच्या सगळ्या माना वळल्या. मला वाटलं, आता हा पळणार. पण एवढं चालून चालून त्याचा पाय थकला होता, आणि देल्मिरानं खुर्ची त्याच्या गुडघ्यांमागे अशी दाबली की तो बसलाच. तिनं तीन पानं घेतली. एक त्याच्यापुढे ठेवलं, डाव्या हाताशी मक्याचे दाणे ओतले.

"खेळायचं फक्त. खेळताना बोलावं लागत नाही."

एवेलिओनं गोळी काढली. "सत्तावीस. कात्री."

विल्फ्रिदोच्या पानावर कात्री होती. त्यानं डाव्या हातानं दाणा ठेवला. मग "चौसष्ट. कासव." मग "आठ. कोंबडा."

आणि तेव्हा मला ते ऐकू आलं. आधी वाटलं, मागच्या टेबलावरचं कुणी आहे. अगदी हळू, नाकातल्या नाकात, कुणीतरी सूर धरला होता. विल्फ्रिदोच्या डाव्या बोटाचं पेर टेबलावर टकटक करत होतं. त्याचं त्याला भानही नव्हतं. नजर पानावर होती.

"पहाटे ओरडून गाव उठवतो, रविवारी रश्श्यात पोहतो... कोंबडा."

माझ्या हातातले दाणे सांडले. देल्मिराचं तोंड उघडंच राहिलं, तिच्या बाबतीत हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"काय म्हणालास?" तिनं विचारलं.

विल्फ्रिदोनं वर पाहिलं. तोंड उघडलं. मानेची शीर ताणली गेली. "ब... बरं."

"नाही नाही, आत्ता काय म्हणालास?"

"बरं! बरं!" त्याचे डोळे भरून आले. तो स्वतःच गोंधळला होता. मी देल्मिराचा हात दाबला. "विचारू नकोस. त्याला काही विचारू नकोस. एवेलिओ, पुढची काढ."

"अं... तेहतीस," एवेलिओ म्हणाला. "कलिंगड."

पेर टकटक करायला लागलं. या वेळी तो सूर आमच्या टेबलाबाहेर गेला.

"हिरवा सदरा, आत लाल, खाता खाता भिजले गाल, कलिंगड!"

शेजारच्या टेबलावरची म्हातारी दाणा हातात धरून तशीच राहिली. गाडीवानानं डोक्यावरची टोपी काढली. बाकीच्या चौकात पोरं ओरडत होती, कुठंतरी बँडचा ढोल वाजत होता, पण आमच्या टेबलांवरच्या माणसांनी खुर्च्या आमच्याकडे वळवल्या होत्या. एवेलिओ पिशवी घेऊन आला. त्यानं ती विल्फ्रिदोच्या पुढ्यात ठेवली, आणि दोन पावलं मागे सरला.

विल्फ्रिदोनं पिशवीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. इतकी वर्षं त्याच्याशी संसार केला, तो घाबरलेला मला कधी दिसला नव्हता. डावा हात आत घातला. गोळी बाहेर काढली, दिव्याकडे धरली. आकडा त्याला दिसला, चित्रही समजलं, हे त्याच्या डोळ्यांतच दिसत होतं. ओठ हलले. आवाज येईना. पुन्हा हलले. कपाळावरून घाम नाकावर उतरला. मला आत कुठंतरी वाटून गेलं, आपण याला इथं आणून फार वाईट केलं, आता हा कधीच उंबरा ओलांडणार नाही.

मागून कुणीतरी मान लांब करून आकडा वाचला आणि मदत म्हणून म्हणालं, "नांगर आहे, मास्तर. नांगर."

"गप्प!" देल्मिरा गरजली. "त्याला शब्द द्यायचा नाही कुणी! त्याचे त्याच्याकडे आहेत!"

तिच्या त्या ओरडण्यात मला एकदम कळलं. हा गोळीकडे बघून नाव शोधत होता, सराव घेणारी मुलगी दाखवायची त्या मांजरासारखं. नाव त्याच्याकडे कधीच सुटं नव्हतं. ते दोन ओळींच्या शेवटी बांधलेलं होतं. मी त्याच्या हातातली गोळी काढून घेतली, मुठीत झाकली, आणि माझ्या पेरानं टेबलावर ठेका धरला. तोच, घरी बटाटे सोलताना ऐकलेला, न्हाणीघरातून ऐकलेला. एवेलिओनं पिशवीवर थाप मारत तो उचलला. मग म्हातारीनं उचलला. बघता बघता सगळी टेबलं वाजायला लागली, मक्याचे दाणे पानांवर उड्या मारायला लागले.

विल्फ्रिदोनं डोळे मिटले.

"गलबताची बायको भारी, तळाशी बसून नवरा आवरी..." आणि मग तो मधेच थांबला. थांबला तो अडकून नव्हे. पूर्वी थांबायचा तसा, माणसांना ताटकळत ठेवायला. डोळे उघडले, सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि सबंध चौकाला ऐकू जाईल असं ओरडला, "नांगर!"

काय आरडाओरडा झाला तो मी सांगू शकत नाही. मार्केसितावाला गाडी तशीच टाकून पळत आला. लोक कॅथेड्रलच्या पायऱ्यांवरून उतरून येऊ लागले. "मास्तर आला! मास्तर पुकारतोय!" कुणी टेबलं जोडली, कुणी घरून खुर्च्या आणल्या. विल्फ्रिदो गोळ्या काढत होता, मी त्या त्याच्यासमोर क्षणभर धरून मुठीत झाकत होते, आणि एकेक चित्र गात गात बाहेर येत होतं. चंद्र आला, घागर आली, खेकडा आला. दोन वेळा अडला. दोन्ही वेळा टेबलांनी ठेका वाढवला आणि तो सुटला.

मग राणीची गोळी आली. राणीचं गाणं गावाला पाठ आहे. त्यानं सूर लावला, "नाक वर, पाय जमिनीवर, हुकूम चाले साऱ्या घरावर..." आणि इथं तो थांबला. मला वाटलं, ताटकळत ठेवतोय. पण तो देल्मिराकडे बघत होता. जीभ दातांमागे शोधत होता, काहीतरी जे गाण्यात नव्हतं. ठेका चालू होता. त्याचे ओठ गोल झाले, फाकले, पुन्हा जुळले.

"देल्... मिरा!"

सगळा चौक हसून लोळला. देल्मिरा उठली, कमरेवर हात ठेवले, आणि भावाला म्हणाली, "माजलायस! आता घरी चल, दाखवते!" आणि तिनं त्याचं डोकं छातीशी धरून असं रडून घेतलं की तिचे दोन्ही नवरे गेले तेव्हाही ती तशी रडली नव्हती. ते गाणं पाठ होतं, हे कुणीही म्हणेल. नाव मात्र त्यानं स्वतः शोधून आणलं होतं, सगळ्या गावासमोर.

दुसऱ्या दिवशी मीच सराव घेणाऱ्या मुलीकडे गेले. दार बंद करून परत पाठवलेल्या मुलीला जाऊन काय सांगायचं, याची लाज वाटत होती. तिनं माझं सगळं ऐकलं आणि उडीच मारली. म्हणाली, "मावशी, बोलणं आणि गाणं डोक्यात वेगवेगळ्या वाटांनी येतं. एक वाट बुजली तर दुसरीवरून नेऊ आपण त्यांना." तेव्हापासून आमच्या घरात सगळं गाऊन चालतं. सुरुवातीला कॉफी गाऊन मागायचा, मग मीठ, मग भांडणही गाऊनच करायचा. शेजारी भिंतीला कान लावून ऐकायचे. हळूहळू सूर पातळ होत गेला आणि शब्द उरले. सगळे नाहीत. लांब वाक्यात अजून पाय अडकतो, आणि दमला की पुन्हा "बरं" वर येतो. पण होडीच्या मालकाला निळ्या रंगाबद्दल जे सुनावायचं होतं ते त्यानं ऑक्टोबरात सुनावलं, आणि नोव्हेंबरात डाव्या हातानं ती होडी रंगवून दिली.

चौकात तो दर शनिवार-रविवारी बसतो. एवेलिओ पुन्हा पाणी आणून देतो, आणि इतका खूश आहे की त्याचाच आवाज सुधारल्यासारखा वाटतो. नाताळाच्या आधीच्या रविवारी तर बसायला जागा नव्हती. चाम्पोतोनहून एक टोळकं आलं होतं, त्यातला एक रुबाबदार गडी मधेच उठून ओरडला, "लोटेरिया!" एवेलिओनं त्याचं पान तपासलं. एक दाणा चुकीच्या चित्रावर होता. गडी हुज्जत घालायला लागला, आवाज चढवला, "म्हाताऱ्यानं नीट पुकारलंच नाही!"

मी विल्फ्रिदोच्या खांद्यावर हात ठेवणार होते, पण त्याचं पेर आधीच टेबलावर पडलं होतं. असं गाणं त्याच्याकडे नव्हतं, नव्वदांत नाही, कुठंच नाही. त्यानं त्या गड्याकडे गोड हसून पाहिलं आणि एकाही ठिकाणी न अडखळता, मोकळ्या गळ्यानं म्हटलं:

"दाणा ठेवला, चौकटच चुकला, चाम्पोतोनचा पाव्हणा हुकला!"

गड्याचं टोळकंच आधी हसलं. मग तोही हसला, खाली बसला, दाणा उचलून बाजूला ठेवला. विल्फ्रिदोनं पिशवी हलवली आणि पुढची गोळी काढायला हात आत घातला.